खाजणारी कावीळ

चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं का होतं, याचा शोध मी लावला तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते, आणि माझ्याएवढी शहाणी बाई परभणी जिल्ह्यात दुसरी नाही असं माझं ठाम मत होतं. ते मत पुढं दहा-अकरा महिने टिकलं.

मी मानवतला शाळेत विज्ञान शिकवायची. आई-वडील चुडाव्याला. वडील, म्हणजे आमचे आबा, रेल्वेत पॉइंटमन होते. गाडी कुठल्या लाईनवर घ्यायची त्याचा खटका ओढायचं काम. रिटायर झाल्यावर त्यांनी स्टेशनाच्या मागंच दोन खोल्या बांधल्या, कारण गाड्यांचा आवाज नसला की त्यांना झोप येत नसे. शनिवारी शाळा सुटली की मी मानवत रोडहून पॅसेंजर धरायची आणि दिवेलागणीला घरी पोचायची.

आबांना प्रत्येक वस्तू उघडून बघायची खोड. घड्याळ, टॉर्च, स्टेशनमास्तरचा बंद पडलेला पंखा, काही सुटलं नाही. माय म्हणायची, या माणसाच्या हातात देव दिला तर त्याचेही स्क्रू काढून ठेवील. देव आम्ही छप्पन्न सालीच सोडले होते, म्हणून तेवढे ते वाचले. घरी बकऱ्याची कलेजी आली की आबा मला शेजारी बसवून घ्यायचे, तिला चिकटलेली हिरवी पिशवी बोटानं अलगद सोडवायचे आणि दाखवायचे, हे पित्त. हे फुटलं की अख्खं कालवण कडू. आणि ही बघ त्याची नळी, इथून ते आतड्यात जातं. ती नळी मी सातव्या वर्षी बघितली होती. बी.एस्सी.ला सरांनी ती फळ्यावर काढली तेव्हा मला ती ओळखीच्या घरचीच वाटली.

चुडाव्यापासून दोन कोसांवरच्या एका गावात एक म्हातारे शेतकरी होते. त्यांना सगळे काविळीचे मामा म्हणायचे. रविवारी आणि बुधवारी सकाळी, काही न खाता त्यांच्याकडं जायचं. त्यांच्या ओट्याखाली माणसं रांगेनं उकिडवी बसलेली असायची. एका वाटीत तांबूस काढा असायचा. तो तळहाताला चोळायचा आणि वरून चुन्याच्या निवळीची धार घ्यायची. खालच्या थाळीतलं पाणी पिवळंजर्द व्हायचं. दुसऱ्यांदा धुतलं की फिकं, तिसऱ्यांदा जवळजवळ पांढरं. झालं, कावीळ उतरली. त्याबद्दल मामा काही घेत नसत, चहासुद्धा नाही. घेतलं तर गुण जातो म्हणत.

इतरांच्या तळहाताला काढा मामा स्वतः चोळायचे. आमच्या वस्तीतल्यांनी आपला आपण चोळायचा. आमची थाळी वेगळी आणि धार हातभर वरून. मी नऊ वर्षांची असताना मला कावीळ झाली होती, तेव्हा तिथं जाऊन आले होते. पाणी माझ्या परकरावर उडालं ते अजून आठवतं. कावीळ उतरली, पण ते हातभर अंतर काही माझ्या डोक्यातून उतरलं नाही.

म्हणून मी तो शोध लावला. निव्वळ विज्ञानासाठी लावला असं म्हटलं तर ते खोटं होईल. ओळखीच्या एका बाईंना कावीळ झाली, त्यांच्यासोबत गेले आणि वाटीतला काढा रुमालाला पुसून घेऊन आले. वास घेतला तर आंब्याच्या झाडाची साल. शाळेत साल उकळली, चुन्याची निवळी केली आणि आठवी अ मधल्या धडधाकट पोरांचे हात धुतले. सगळ्यांचं पाणी पिवळं. अख्ख्या आठवी अ ला कावीळ! सालीचा रस चुन्यात पडला की पिवळा होतो आणि दोनदा धुतल्यावर हातावर रस उरत नाही, एवढंच ते होतं. पुढं चौदा एप्रिलला चुडाव्याच्या विहारासमोर मी हा प्रयोग सगळ्यांना करून दाखवला. नामांतराची वर्षं होती, आमची पोरं मोर्चांना जाऊन यायची, सगळ्यांचंच रक्त तापलेलं असायचं. टाळ्या अशा पडल्या की मला रात्रभर झोप आली नाही. आबा पहिल्या रांगेत होते. घरी आल्यावर त्यांनी स्वतःचे हात तीनदा धुऊन बघितले.

पुढच्या संक्रांतीच्या सुमारास आबांचे डोळे पिवळे झाले.

मी शनिवारी घरी गेले तर मायनं शेजाऱ्याची बैलगाडी सांगून ठेवलेली. उद्या रविवार, मामाकडं जायचं. मी एवढी चिडले की काही विचारू नका. माय म्हणाली, तुझा प्रयोग तुझ्यापाशी ठेव, माणसं बरी होतात की नाही? माणसं बरी व्हायची हे खरंच होतं, कारण साधी कावीळ आपली आपण बरी होते. पण मायला हे पटवणं माझ्या बापाच्यानं झालं नसतं, आणि बापाला तर जायचंच होतं. आता आपल्याला बघून मामा काय करतो, याची आबांना भारी उत्सुकता होती. मलाही होती, म्हणून मीही गाडीत बसले.

मामांनी आम्हाला ओळखलं. विहारासमोरची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली नसेल असं कसं होईल. ते ओट्यावरच बसून राहिले आणि आबांना म्हणाले, जरा उन्हात उभा राहा. लांबूनच डोळे बघितले. मग विचारलं, अंगाला खाज आहे का. आबा म्हणाले, आहे, झोपू देत नाही. पोट दुखतं का. नाही. परसाकडचा रंग कसा आहे. आबा माझ्याकडं बघून संकोचले आणि म्हणाले, पांढऱ्या मातीसारखा.

मामांनी वाटीला हातच लावला नाही.

"ही माझी न्हाई," ते म्हणाले. "खाजनारी आन् न दुखनारी कावीळ मी उतरवत न्हाई. नांदेडला न्या, हैद्राबादला न्या. येळ लावू नका."

मग त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं. परत येताना मी गाडीत हसत होते. मनातल्या मनात नाही, चांगली मोठ्यानं हसत होते. बघितलं का, म्हातारा कसा घाबरला! माझ्यासमोर त्याला तो खेळ करायची छाती झाली नाही, म्हणून बहाणा काढला. आबा बैलांच्या शिंगांकडं बघत होते. आयुष्यात इतकी जिंकल्यासारखी मी फार कमी वेळा घरी आले असेन.

पुढचं सगळं मी हातात घेतलं. रक्त तपासून आणलं, काविळीचा आकडा वाढलेला होता. मी पुस्तक उघडलं. दूषित पाण्यातून होणारी कावीळ, विश्रांती, हलका आहार, चार ते सहा आठवडे. जुळतंय! पाणी उकळायला लावलं, तेल-तिखट बंद केलं. गंगाखेडचे एक शिक्षक माझ्यासाठी ऊस आणायचे, तो मी शनिवारी घेऊन जायची. खाज? थंडीनं कातडी कोरडी पडलीय. पांढरा रंग? हळद-तेल खाल्लं नाही तर कुठून रंग येणार. माझ्याकडं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार होतं. आबा पाठ खाजवायला दाराच्या चौकटीला टेकून उभे राहायचे. पुढं पुढं त्यांनी मक्याचं सोललेलं कणीस उशाशी ठेवलं आणि त्यानं ते अंग घासत बसायचे. त्यांचं अंग ओरखड्यांनी भरलं. सदरा दोन बोटं सैल झाला, मग चार बोटं. मी मोजत होते ते आठवडे, आणि सहावा आठवडा संपल्यावर पुस्तकातलं पुढचं पान कोरं होतं.

तेव्हा मी घाबरले. नांदेडला नवीन सोनोग्राफी आली होती, तिथं नेलं. डॉक्टरांनी पोटावर मलम लावून ते यंत्र फिरवलं आणि पडद्यावर दाखवलं, पित्ताच्या नळ्या फुगल्यात, म्हणजे खाली कुठंतरी अडलंय. काय अडलंय ते यात दिसत नाही. खडा असेल, गाठही असेल. आत दुर्बीण घालून बघावं लागेल, ती हैदराबादला आहे.

रेल्वेचा पास होता, नांदेडच्या डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली, आणि मी रजा काढून आबांना घेऊन छोट्या लाईनच्या गाडीत बसले. माय घर बघायला मागं राहिली. आबा खिडकीशी बसून प्रत्येक स्टेशनात खटक्याजवळच्या माणसाला हात करत होते. मी मात्र एकच गोष्ट घोकत होते, खडा असू दे. खडा निघाला तर आबा राहतील. गाठ निघाली तर जातील. आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या उत्तराची भीती वाटत होती, आणि तरी ते बघायची घाईसुद्धा होती. दोन्ही एकाच वेळी कसं वाटू शकतं ते मला आजही सांगता येत नाही.

तिथले डॉक्टर माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठे असतील. मराठी येत नव्हतं. आबा निजामाच्या राज्यात चौथीपर्यंत उर्दूत शिकलेले, त्यामुळं त्यांना कुणाची गरज पडली नाही. डॉक्टरांनी डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली आणि विचारलं, खुजली होती? मग विचारलं, दर्द? मग विचारलं, पैखाने का रंग?

तेच तीन प्रश्न, आणि त्याच क्रमानं.

मी खुर्चीचा हात धरला. एवढ्या लांब येऊन, एवढ्या मोठ्या इमारतीत, एवढी शिकलेली माणसं जे विचारत होती ते मला ओट्यावरच्या त्या म्हाताऱ्यानं दीड महिना आधी सांगून ठेवलं होतं. तिथं बसल्या बसल्या माझ्या डोक्यात लख्ख झालं. चुन्याचं पाणी खोटंच होतं. पण मामा येईल त्याचे हात धुत नव्हते. आधी विचारत होते. आपोआप बरी होणारी कावीळ ते स्वतःकडं ठेवायचे, आणि जी बरी होणार नाही ती ओळखून परत पाठवायचे. पन्नास वर्षं डोळे बघून बघून त्यांना ते कळायला लागलं होतं. मी वाटीत काय आहे ते शोधून काढलं. वाटीला हात लावायच्या आधी ते काय करतात, ते बघायचं मला सुचलंच नाही. त्यांनी पाणी हातभर वरून ओतलं होतं ना, मग त्यांच्या तोंडून काही खरं येऊ शकतं हे मला मान्यच नव्हतं.

डॉक्टरांना मी उशीर का झाला ते सांगितलं, मामांसकट सगळं. ते रागावले नाहीत. त्यांनाही त्या म्हाताऱ्यात रस वाटला. मग मी धीर करून विचारलं, दीड महिना आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, आधी आत काय आहे ते बघू.

आणि मी विचारलं, मला बघता येईल का.

आज असं कुणी विचारलं तर हाकलून देतील. पण मी शिक्षिका होते, डॉक्टर हौशी होते, आणि त्या दुर्बिणीला शिकणाऱ्यांसाठी एक जास्तीचा डोळा जोडलेला होता. एका नळीचा फाटा, त्याला डोळा लावला की डॉक्टरांना दिसतं तेच तुम्हाला दिसणार. त्या दिवशी शिकणारं कुणी आलेलं नव्हतं. मला लुगड्यावरून शिशाचा एप्रन चढवला. तो इतका जड होता की खांद्यावर पाण्याची घागर घेतल्यासारखं वाटलं.

आबांना टेबलावर पालथं निजवलं, तोंड एका कुशीला. घशात फवारा मारून घसा बधिर केला, गुंगीचं इंजेक्शन दिलं, दातांमध्ये कडी बसवली. करंगळीपेक्षा थोडी जाड काळी नळी त्यांनी हळूहळू गिळली. डॉक्टर निगलो, निगलो म्हणत होते आणि आबा आज्ञाधारकपणे गिळत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी त्यांचा पाय धरून उभी होते. मग डॉक्टरांनी मला खूण केली, मी पाय सोडला आणि डोळा लावला.

लाल. इतका ओला, चमकणारा, जिवंत लाल रंग मी कधी बघितला नव्हता. पुस्तकातली आतडी करड्या रेघांची असतात. ही हलत होती, त्यांच्या घड्या पडत होत्या, उलगडत होत्या, आणि हे सगळं माझ्या बापाच्या आत चालू होतं. एका घडीखाली एक छोटंसं बोंड दिसलं. डॉक्टर म्हणाले, हेच पित्तनळीचं तोंड. इथून पिवळं पित्त ठिबकत राहतं. इथं बघा, काहीच येत नाही. मी बघितलं. बोंड कोरडं होतं.

त्या क्षणी मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. आबा मरणाच्या दारात होते की नव्हते ते मी विसरले. कलेजीवरची ती नळी आतड्यात जिथं उघडते ती जागा सात वर्षांच्या मुलीला आबा बोटानं दाखवू शकले नव्हते, आणि आता ती माझ्यासमोर होती.

डॉक्टरांनी त्या बोंडात पेनच्या कांडीसारखी बारीक नळी सरकवली आणि औषध सोडलं. आता पडद्याकडं बघा, म्हणाले. एक्स-रेच्या पडद्यावर एक रेघ वर सरकत गेली. सरळ, बारीक, स्वच्छ. मग एका जागी ती आणखी बारीक झाली. सुतासारखी, वाकडीतिकडी. डॉक्टरांनी जोर लावला. थोडं औषध वर गेलं आणि तिथून पुढं नळ्या एकदम फुगलेल्या, दोन फांद्यांत पसरलेल्या दिसल्या. मला पडदा वाचता येत नव्हता, पण डॉक्टरांचा चेहरा वाचता येत होता. त्यांनी त्या अरुंद जागेत एक इवलासा ब्रश फिरवून तपासणीसाठी पेशी घेतल्या. मग त्यातून प्लास्टिकची आखूड नळी सरकवून तिथंच ठेवली, आणि मला म्हणाले, परत डोळा लावा.

त्या नळीतून काळपट हिरवं पित्त भसकन बाहेर आलं. दोन महिन्यांचं तुंबलेलं.

चौथ्या दिवशी तपासणीचा कागद आला. डॉक्टरांनी मला एकटीला बसवून घेतलं. पित्तनळीचा कॅन्सर. दोन फांद्या मिळतात तिथपर्यंत पसरलाय, ऑपरेशन करण्यासारखं नाही. नळीनं कावीळ उतरेल, खाज जाईल, अन्न गोड लागेल. सहा महिने, थोडे जास्त. दीड महिना आधी आणलं असतं तर, हा प्रश्न मी पुन्हा विचारला. ते म्हणाले, कदाचित तेव्हा ऑपरेशन करता आलं असतं, कदाचित नाही, खरं उत्तर मला माहीत नाही. मग म्हणाले, वडिलांना खडा होता म्हणून सांगा, आम्ही सगळे तसंच सांगतो, माणूस तेवढे दिवस सुखानं जगतो.

मी हो म्हणाले. लोकांसमोर खोटं उघडं पाडून टाळ्या घेणारी मी, मुकाट्यानं हो म्हणाले. आबांना जाऊन सांगितलं, खडा होता, आता वाट मोकळी झाली. ते बरं म्हणाले.

आबा त्यानंतर आठ महिने जगले, ते इथंच सांगून टाकते. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं आहे, घरी निघालो त्या दुपारचं.

सिकंदराबादच्या फलाटावर आम्ही बाकावर बसलो होतो. गाडीला दोन तास होते. आबांचे डोळे निवळायला लागले होते, खाज गेली होती, आणि त्यांनी दोन महिन्यांत पहिल्यांदा मागून चहा घेतला. म्हणाले, माझं पोट सगळ्यांनी बघितलं, मीच न्हाई बघितलं, सांग तरी काय दिसलं. मी सांगायला लागले आणि वाहवत गेले. तो लाल रंग, त्या घड्या, ते बोंड, ते कोरडं कसं होतं, पित्त कसं आलं. हातवारे करून सांगत होते. आबा मध्येमध्ये प्रश्न विचारत होते. बोंड केवढं? ज्वारीच्या दाण्याएवढं का हरभऱ्याएवढं? पित्त बकऱ्यासारखंच हिरवं का? आम्ही दोघं इतके रमलो की बाकावरचा तिसरा माणूस उठून दुसरीकडं गेला.

मग त्यांनी विचारलं, आणि खडा कसा होता?

मी म्हणाले, खडा... होता, छोटा. एवढं सगळं रंगवून सांगणाऱ्या मला खड्याबद्दल एक वाक्य पुढं सुचेना.

आबांनी पिशवीतून एक्स-रेचं मोठं पाकीट काढलं. फिल्म उजेडाकडं धरली. फलाटाच्या पत्र्यांच्या फटीतून ऊन येत होतं, त्यात ती नळी आणि तिच्या दोन फांद्या यार्डाच्या नकाशासारख्या दिसत होत्या.

"माझ्या शेजारच्या खाटेवर तो निजामाबादचा मानूस व्हता," ते म्हणाले. "त्याला खडा व्हता. त्याचा फोटो मी बघितलाय. त्यात गोल जागा मोकळी दिसायली, आन् तिच्या दोन्ही अंगानं औषध गेलेलं. ह्याच्यात गोल काईच न्हाई. ह्याच्यात लाईनच बारीक होत गेलीय." त्यांनी त्या जागेवर नख टेकवलं. "बाई, हे माझ्या पोटातलं हाय. मला कळाया नको का?"

मी सांगितलं. कॅन्सर हा शब्द उच्चारून सांगितला. किती महिने तेही सांगितलं. आणि एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना, म्हणून तेही सांगितलं जे डॉक्टरांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. मामानं त्या दिवशीच ओळखलं होतं. तेच तीन प्रश्न इथल्या डॉक्टरांनी विचारले. मी हसले, आणि दीड महिना तुम्हाला उसाचा रस पाजत बसले. तेव्हाच आणलं असतं तर कदाचित ऑपरेशन झालं असतं. माझ्यामुळं गेलं ते.

आबांनी फिल्म नीट पाकिटात घातली.

"मला त्याच दिशी पटलं व्हतं," ते म्हणाले. "आलेल्या मानसाला मामा उगं परत लावत न्हाई. पानी त्यानं वरून ओतलं जन्मभर, पर इचारलं ते नीट इचारलं."

मग बोलला का नाहीत, मी विचारलं. माझा आवाज चढला होता, इकडंतिकडं लोक बघायला लागले.

"तू गाडीत लय हसायली व्हतीस. एवढी खूश तुला निकालाच्या दिशी बी बघितलं न्हवतं. म्हनलं हसू दे, चार दिसानं सांगू. मग तू पुस्तक घेऊन बसलीस. म्हनलं, पोरगी शिकलेली हाय, तिचं बी खरं असंल." त्यांनी पाकीट पिशवीत ठेवलं. "तू मला खडा सांगितलास, मी तुला मामाचं सांगितलं न्हाई. फिट्टंफाट."

ती काही फिट्टंफाट नव्हती, आणि ते त्यांनाही कळत होतं. मी रडले. तोंडावर पदर न घेता, भर फलाटावर, शाळेतल्या पोरीसारखी. आबांनी मला गप्प केलं नाही. माझा गार झालेला चहा त्यांनी पिऊन टाकला आणि ग्लास नेऊन दिला.

परत येऊन बसले तेव्हा म्हणाले, "मायला खडा म्हनू नको. तिला मी सांगतो, सगळं. तू निस्ती शेजारी बस."